जुन्या कॅम्परला जास्त ताकदीचं इंजिन: वासरबॉक्सर उतरवून सुबारूचं ईजे२२ बसवताना

गाडी १९८४ सालची फोक्सवागन टी३ व्हॅन. आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी, वर उचलणारं छप्पर. मागे पलंगाखाली १९१३ सीसीचं वासरबॉक्सर, म्हणजे पाण्याने थंड होणारं आणि दोन्ही बाजूंना आडव्या सिलिंडरचं इंजिन, कार्ब्युरेटरवालं, नवं असताना ७८ हॉर्सपॉवर देणारं. माणसं आणि सामान धरून गाडी दोन टनांच्या पुढे जाते, त्यामुळे लांब चढाला तिसरा सोडून दुसरा टाकावा लागतो आणि वर पोचेपर्यंत दुसराच राहतो. तेवढ्यासाठी इंजिन बदललं नसतं. पण जानेवारीत हेडच्या जोडातून कूलंट झिरपायला लागलं. या इंजिनात पाण्याच्या जॅकेटला वेगळं रबरी गॅस्केट असतं. कूलंट वर्षानुवर्षं बदललं नाही की ॲल्युमिनियमच्या हेडची कड गंजून खड्डे पडतात, आणि मग नवं गॅस्केट टाकलं तरी ते धरत नाही. एका बाजूचं हेड उतरवून पाहिलं, कड पार खाल्लेली होती. दोन नवी हेड, रिंगा, सगळं इंजिन पुन्हा बांधायचं आणि परत ७८ हॉर्सपॉवरवरच यायचं, हे पटेना.

पर्याय तसे बरेच आहेत. उभी चार सिलिंडरची इंजिनं, विशेषतः टर्बो डिझेल, टी३ मध्ये बसतात, पण पलंगाखालची जागा बुटकी असल्यामुळे ती एका अंगावर झुकवून बसवावी लागतात. सुबारूचं इंजिन मूळ इंजिनासारखंच आडवं, बॉक्सर पद्धतीचं असल्यामुळे पलंगाची फळी कापावी लागत नाही. दुसरी जमेची बाजू फिरण्याच्या दिशेची. पुलीकडून पाहिलं तर दोन्ही इंजिनं घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच फिरतात, म्हणून गिअरबॉक्स आहे तोच चालतो. उलटं फिरणारं इंजिन लावलं तर एक पुढचा आणि चार रिव्हर्स गिअर मिळतील.

सुबारूमध्येही ईजे२२ घेतलं, ईजे२५ नाही. २५ ची ताकद जास्त आहे, पण त्याच्या सुरुवातीच्या वर्षांत हेड गॅस्केटची दुखणी फार. २२ हे २२१२ सीसीचं, सुमारे १३५ हॉर्सपॉवरचं. १९९६ पर्यंतच्या ईजे२२ मध्ये टायमिंग बेल्ट तुटला तरी पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटत नाहीत. घरापासून लांब फिरणाऱ्या गाडीसाठी मला हा मुद्दा ताकदीपेक्षा मोठा वाटतो.

आधी कागद

पाना उचलण्याआधी नोंदणी कार्यालयात जाऊन या, हे कळकळीने सांगतो. बसवलेलं इंजिन नियमात बसत नाही असं नंतर कळलं तर सगळं परत उतरवावं लागतं. आम्ही ५ फेब्रुवारीला अर्ज दिला. सोबत जुन्या इंजिनाचा क्रमांक, नव्या इंजिनाचा प्रकार, सीसी, ताकद, इंधन, ते कुठल्या सालच्या गाडीतलं आहे ही माहिती, आणि बदलाचं एक पानी तांत्रिक वर्णन. प्रश्न मुख्यतः तीन आले. इंजिन गाडीपेक्षा जुनं तर नाही ना? त्याच्या मूळ गाडीत असलेली प्रदूषण नियंत्रणाची सगळी साधनं सोबत येणार का? वाढलेल्या ताकदीला ब्रेक पुरेसे आहेत का? तिसऱ्या प्रश्नासाठी पुढच्या डिस्क, पॅड आणि मागच्या ड्रमचे शू नवे टाकून त्याचं बिल जोडलं. लेखी परवानगी यायला सहा आठवडे लागले. त्याच काळात विमा कंपनीलाही पत्र दिलं. इंजिन बदलल्याचं कळवलेलं नसेल तर अपघातानंतर दावा नाकारायला तेवढं कारण पुरतं.

इंजिन आणताना

शक्यतो गाडी अजून उभी आहे, चालू होते आहे, अशा ठिकाणाहून इंजिन घ्या. ते चालू करून ऐकता येतं, तापल्यावर कूलंटच्या टाकीत बुडबुडे येतात का ते पाहता येतं. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (पिस्टन वर येताना आत तयार होणारा दाब) ११ ते १३ बारच्या दरम्यान आणि एकमेकांच्या जवळ असावं, एखादंच पडलेलं नको. आमच्या इंजिनात सगळ्यांत कमी ११.६ आणि सगळ्यांत जास्त १२.२ भरलं.

इंजिनासोबत काय काय काढून आणायचं, इथे बहुतेकांची चूक होते. पूर्ण वायरिंग हवं, कनेक्टर न कापता. ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) त्याच इंजिनाचा, आणि गाडी मॅन्युअल गिअरची असेल तर उत्तम. इग्नायटर, कॉइल पॅक, दोन्ही रिले, एअरफ्लो मीटर (आत येणारी हवा मोजणारा) आणि त्याची रबरी नळी, ऑक्सिजन सेन्सर, चारकोल कॅनिस्टर (टाकीतली पेट्रोलची वाफ धरणारा डबा), त्याचा सोलेनॉइड (विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह) आणि डॅशबोर्डखाली लोंबणारे कोड वाचायचे काळे-हिरवे कनेक्टर. हे सुटं शोधायला गेलं तर एकेका वस्तूसाठी आठवडा जातो. बिलावर इंजिन क्रमांक लिहून घ्या आणि त्या क्रमांकाचा स्वच्छ फोटो तिथल्या तिथे काढा. तो ब्लॉकवर गिअरबॉक्सच्या तोंडाजवळ कोरलेला असतो आणि इंजिन व्हॅनमध्ये चढल्यावर आरशाशिवाय दिसत नाही.

इंजिन जमिनीवर आहे तोवर करायची कामं: टायमिंग बेल्ट, त्याचे आयडलर आणि टेन्शनर, वॉटर पंप, क्रँक आणि कॅमचे पुढचे ऑइल सील, व्हॉल्व्ह कव्हरची गॅस्केटं. ऑइल पंप काढून त्याच्या मागच्या पत्र्याचे स्क्रू तपासा. ते हमखास ढिले सापडतात, थ्रेडलॉक लावून आवळायचे. फ्लायव्हीलच्या बाजूला क्रँककेसवर एक झाकण असतं. प्लास्टिकचं असेल तर धातूचं टाका, नाहीतर पुढे तेल गळतं ते तिथूनच. मागचा मोठा क्रँक सील मात्र कोरडा असेल तर त्याला हात लावू नका. टायमिंग बेल्ट बसवताना क्रँकच्या चाकावर ठळक बाण दिसतो, तो खूण म्हणून धरायचा नाही. खरी खूण चाकाच्या मागच्या कडेच्या पाकळीवर बारीक रेघेसारखी असते.

उतरवणं आणि जोडणं

४ एप्रिलला जुनं इंजिन उतरवलं. हे काम वाटतं त्यापेक्षा सोपं आहे, दोघांना एक दिवस पुरतो. कॅम्पर असल्यामुळे पहिल्यांदा गॅसची टाकी बंद करून नळी सोडवली आणि दोन्ही बॅटऱ्यांच्या ऋण तारा काढल्या, राहण्याच्या भागाच्या बॅटरीचीसुद्धा. मग कूलंट काढलं, साडेसतरा लिटरच्या आसपास निघतं, तेवढी भांडी आधी जमवा. इंजिन खालून निघतं, त्यामुळे गाडी मागून पुरेशी उंच आणि भक्कम स्टँडवर हवी. ड्राइव्हशाफ्टला हात लावावा लागत नाही. इंजिन मागे सरकण्याआधी गिअरबॉक्सला खालून आधार द्या आणि इंजिन सरळ मागे ओढा. त्याचं वजन गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवर लोंबू देऊ नका.

जोडणीचा संच पाच भागांचा: ॲडॉप्टर प्लेट, फ्लायव्हील, क्लच, इंजिन पेलणारा पाळणा आणि आखूड ऑइल संप (इंजिनाखालचं तेलाचं भांडं). एकूण खर्चातला जवळजवळ तिसरा हिस्सा इथेच गेला, इंजिनाला त्याच्या निम्मेच लागले. स्टार्टर व्हॅनचाच राहतो, म्हणून फ्लायव्हीलच्या रिंगचे दाते व्हॅनच्या स्टार्टरला जुळणारे हवेत. क्लच प्लेटचे आतले दाते व्हॅनच्या शाफ्टचे आणि प्रेशर प्लेट फ्लायव्हीलला बसणारी. शाफ्टचं टोक ज्यात फिरतं ते छोटं पायलट बेअरिंग संचात आहे का ते पाहा. ते राहून गेलं तर क्लच दाबल्यावर किरकिर येते आणि सगळं पुन्हा उतरवावं लागतं. फ्लायव्हीलचे बोल्ट समोरासमोरचे घेत ७२ न्यूटन-मीटरला, बेलहाउसिंगचे ३० ला. प्लेट बसताना बोल्टने ओढून घेऊ नका. डॉवेलवर (जागा नेमकी धरणाऱ्या खुंट्यांवर) ती हाताने बसली पाहिजे, अडत असेल तर कुठेतरी रंग किंवा कचरा आहे.

सुबारूचा मूळ संप खोल असतो, तसाच ठेवला तर व्हॅनच्या पोटाखाली तोच सर्वांत खाली येतो आणि पहिल्या दगडाला फुटतो. आखूड संपाबरोबर तेल ओढणारी पिकअप नळीही आखूड लागते. मूळ संपात नळीचं तोंड आणि तळ यांत किती अंतर आहे ते मातीचा गोळा दाबून मोजलं आणि नव्यातही तेवढंच ठेवलं. संप बदलला की डिपस्टिकवरची जुनी खूण खोटी ठरते. संपाबरोबर सांगितलेलं तेल मोजून ओता, गाडी सपाट उभी करून काडीवर नवी खूण पाडा.

पाणी

इंजिन २० एप्रिलला चढलं आणि सगळं झालं असं वाटण्याचा मोह होतो. खरं काम इथून पुढे. हे बदल फसतात ते बहुधा पाण्यापायीच.

सुबारूचं गरम पाणी बाहेर पडण्याचं तोंड व्हॅनमध्ये मागे, बंपरकडे येतं, आणि रेडिएटर तर गाडीच्या नाकाशी. म्हणून इंजिनावरची आडवी कूलंट नळी उलटी फिरवून किंवा नवी बनवून तोंड गिअरबॉक्सकडे वळवावं लागतं. तिच्यातच व्हॅनच्या तापमान काट्याच्या सेन्सरसाठी जागा करून घ्या. ईसीयूचा सेन्सर वेगळा, काट्याचा वेगळा, एकाची तार दुसऱ्याला जोडून चालत नाही.

आता थर्मोस्टॅट. बऱ्याच इंजिनांत तो गरम पाणी बाहेर पडतं तिथे असतो. सुबारूत तो रेडिएटरकडून पाणी आत येतं त्या तोंडाशी, वॉटर पंपाखाली असतो. त्याच्या बाहेरच्या अंगाला गार पाणी, आतल्या अंगाला हीटरमधून फिरून आलेलं गरम पाणी. हे गरम पाणी त्याच्या मेणाच्या कांडीवर सतत खेळत राहिलं तरच इंजिन किती तापलं आहे ते त्याला कळतं. मूळ गाडीत हीटरचा फेरा कायम चालू असल्याने अडचण येत नाही. टी३ मध्ये हीटरला बंद करायची चावी आहे. चावी बंद केली की थर्मोस्टॅटपर्यंत गरम पाणी पोचतच नाही. काटा वर चढत जातो, मग थर्मोस्टॅट उशिरा एकदम उघडतो, नाकापासून आलेलं बरंचसं गार पाणी आत घुसतं, तो पुन्हा मिटतो, आणि काटा असाच वरखाली झुलत राहतो. यावर उपाय म्हणजे बाहेरच्या तोंडापासून पंपाच्या हीटरवाल्या तोंडाला एक कायम उघडी नळी जोडायची. आम्ही आधी ती हीटरच्या नळीएवढी जाड घेतली, तर निम्मं पाणी तिथूनच फिरू लागलं आणि चढाला रेडिएटरला कमी पडलं. १२ मिलिमीटर आतल्या व्यासाची घेतल्यावर काटा स्थिर झाला. थर्मोस्टॅट सुबारूचा मूळचाच घ्या. तो ७६ ते ८० अंशांदरम्यान उघडायला लागतो आणि स्वस्तातल्यांपेक्षा त्याची चकती मोठी, म्हणून पाणीही जास्त जातं.

इंजिनापासून नाकापर्यंतचे लांब पाइप काही गाड्यांत प्लास्टिकचे असतात आणि त्यांच्या टोकांचे जोड उष्णतेने ढिले होऊन अचानक सुटतात. आमचे स्टेनलेस स्टीलचे टाकले. हे खर्चाचं काम आहे, पण पाणी मोकळं असताना केलं तर साडेसतरा लिटर कूलंट दोनदा काढावं लागत नाही.

हवा काढायची रीत अशी. गाडीचं नाक सुमारे ४० सेंटिमीटर उचला, हीटरच्या चाव्या पूर्ण उघडा, रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातला स्क्रू ढिला करा. टाकीत कूलंट ओतत इंजिन दोन हजार आरपीएमवर धरा, स्क्रूतून बुडबुड्यांशिवाय सलग धार आली की आवळा. इंजिनावरच्या सर्वांत उंच जागेपासून दाबाच्या टाकीला बारीक नळी गेलेली असली पाहिजे, नाहीतर तिथे हवा धरून राहते. पूर्ण गार झाल्यावर दुसऱ्या दिवशी हे सगळं पुन्हा केलं आणि आणखी अर्धा लिटर मावलं.

तारा आणि पेट्रोल

वायरिंग जमिनीवर पसरून, त्याच वर्षाचा आराखडा समोर ठेवून, एकेक तार दोन्ही टोकांना चिठ्ठी लावत सोडवली. दिवे, काचा, वायपर, एसी यांच्या तारा बाजूला काढल्यावर इंजिनाचं बाड मूळच्या तिसऱ्या हिश्शाएवढं उरतं. यात सहा संध्याकाळी गेल्या आणि एकही घाईत उरकू नये. कॅनिस्टरच्या सोलेनॉइडसारखी किरकोळ वाटणारी तार कापू नका, ईसीयू कोड दाखवतो आणि तपासणीत तेच विचारतात.

शेवटी व्हॅनला जोडायच्या तारा दहाच राहतात: बॅटरीचा कायमचा पुरवठा, इग्निशनचा पुरवठा, स्टार्टरचा सिग्नल, पेट्रोल पंप, टॅकोमीटर, चेक इंजिनचा दिवा, वेगाचा सिग्नल, चार्जिंगचा दिवा, ऑइलचा दिवा, तापमानाचा काटा. चार्जिंगचा दिवा शोभेचा नाही. त्या बल्बमधून जाणाऱ्या करंटवरच अल्टरनेटर जागा होतो, बल्ब उडालेला असेल तर चार्जिंगच सुरू होत नाही. ईसीयूच्या सगळ्या अर्थिंगच्या तारा इनटेक मॅनिफोल्डवर, मूळ जागीच आवळा, आणि इंजिन ते बॉडी जाड अर्थिंग पट्टा द्या. पहिल्या दिवशी इंजिन नुसतं फिरत होतं, पेट घेत नव्हतं. कारण एवढंच की पाळण्याला लावलेल्या रंगावर तो पट्टा आवळला होता. रंग खरवडला आणि ठिणगी आली.

वेगाच्या सिग्नलशिवाय गाडी चालते, म्हणून तो पुष्कळ जण सोडून देतात. मग चौकातल्या सिग्नलला थांबताना इंजिन दम तोडतं, कारण गाडी थांबते आहे हे ईसीयूला कळत नाही आणि आयडल (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरतं तो वेग) सांभाळलं जात नाही. टी३ चा स्पीडोमीटर केबलचा आहे. त्या केबलवर चुंबकाचा छोटा सेन्सर चढवला की काम होतं. १९९४ पर्यंतच्या ईसीयूचे कोड दिव्याच्या उघडझापीने वाचता येतात. काळे कनेक्टर जोडून चावी फिरवा, लांब चमक म्हणजे दहा, छोटी म्हणजे एक. ३३ हा वेगाच्या सिग्नलचा, ११ क्रँक सेन्सरचा, १३ कॅमचा, २१ कूलंट सेन्सरचा, २३ एअरफ्लो मीटरचा. २३ आला तर मीटर बदलण्याआधी त्याच्या प्लगमधल्या पिना आणि तारा तपासा. मीटरच्या पुढची रबरी नळी चिरलेली असेल तर कोड न येताही आयडल डुलतं, तीही तेव्हाच पाहून घ्या.

कार्ब्युरेटरला पेट्रोल जेमतेम दाबाचं लागतं, इंजेक्शनला अडीच ते तीन बार. त्यामुळे विजेचा पंप, दाबाचा फिल्टर, टाकीकडे परत जाणारी मोकळी लाइन आणि इंजेक्शनच्या दर्जाची नळी, सगळंच नवं. पंप टाकीजवळ आणि तिच्या तळाच्या पातळीला लावा. तो ढकलण्यात पटाईत, ओढण्यात कच्चा. कार्ब्युरेटरच्या गाडीच्या टाकीत पेट्रोल हिंदकळतं. टाकी पाव भरलेली असताना वळणावर पंपाने हवा ओढली आणि इंजिन मिसिंग मारू लागलं. पंपाआधी लिटरभराची मधली टाकी बसवल्यावर ते थांबलं.

पहिली फेरी ते शेवटचा शिक्का

११ मे रोजी इंजिन चालू झालं. त्याआधी पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा मारला. या इंजिनाला हायड्रॉलिक ॲडजस्टर (तेलाच्या दाबावर व्हॉल्व्हची फट सांभाळणारे) असतात, बरेच दिवस पडून राहिलं असेल तर सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं टकटक येते, घाबरू नका. चाचणीसाठी तात्पुरती परवानगी घेऊन आठ दिवसांत ३०० किलोमीटर चालवलं. ताकद वरच्या आरपीएमला मिळते. खाली दाबून चालवण्यापेक्षा तिसऱ्यात मोकळं फिरू दिलं तर चढ सहज जातो आणि गिअरबॉक्सवरही ताण कमी येतो. गिअरबॉक्स ७८ हॉर्सपॉवरसाठी बांधलेला आहे, याची आठवण उजव्या पायाला ठेवावी लागते.

१४ जूनची तपासणी नापास झाली. इंजिन, धूर, आवाज सगळं मर्यादेत होतं, पण एक्झॉस्टचा पाइप ब्रेकच्या होजपासून चार बोटांवर होता आणि मध्ये उष्णतेचा पत्रा नव्हता. शेरा रास्त होता. पत्रा बसवला, पेट्रोलच्या नळीवरचा छापील दर्जा वाचता येईल अशी ती फिरवून घेतली, पुढची तारीख तीन आठवड्यांनी मिळाली आणि ५ जुलैला पास झाली. दरम्यान ५०० किलोमीटर झाले होते. सगळ्या होजच्या क्लिप, एक्झॉस्टचे नट आणि पाळण्याचे बोल्ट पुन्हा आवळले. क्लिप जवळजवळ सगळ्याच पाव ते अर्धा फेरा फिरल्या. तेल आणि फिल्टर हजार किलोमीटरला बदललं.

नव्या नोंदणीचा कागद २२ जुलैला हातात आला. त्यात इंजिन क्रमांकातला एक आकडा चुकलेला. खिडकीवरच फोटोशी ताडून पाहिल्यामुळे लगेच लक्षात आलं. दुरुस्त प्रत मिळायला अकरा दिवस लागले आणि तोवर गाडी उभीच ठेवली, कारण विम्याच्या पत्रावरचा क्रमांक बरोबर होता आणि नोंदणीवरचा वेगळा. आता दुरुस्त प्रत, परवानगीचं पत्र, इंजिनाचं बिल आणि वायरिंगचा आराखडा एका पाकिटात घालून गाडीतच ठेवले आहेत, पुढच्या सीटखाली.